पायांचे वय, कागदांचे वय

निर्वासित धावपटूंच्या अधिकृत नोंदी पाहिल्या की जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी पुन्हा पुन्हा भेटते. दक्षिण सुदानचा लोपेझ लोमाँग, १ जानेवारी १९८५. त्याच देशाचा यिएच पुर बिएल, १ जानेवारी १९९५. ही मुले योगायोगाने वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेली नाहीत. नाव नोंदवणाऱ्या कारकुनाला रकाना भरायचा असतो, साल अंदाजाने सांगता येते, दिवस आणि महिना सांगणारे माणूस मागे राहिलेले असते. मग वर्षाचा पहिला दिवस घातला जातो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली एक अख्खी पिढी गावोगावी आहे, आणि सरकारी कचेऱ्यांतून ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारांची रांग लागते ती त्यामुळेच.

फरक असा, की १ जून लिहिल्याने त्या पिढीचे फारसे काही अडले नाही. धावपटूचे अडते, कारण लांब पल्ल्याची धाव ही शरीराच्या वयाला बांधलेली गोष्ट आहे. ५,००० आणि १०,००० मीटरचा धावपटू पंचविशीच्या आसपास बहरात येतो, मॅरेथॉनचा तिशीच्या अलीकडे-पलीकडे. तिथवर पोचायला सलग वर्षे लागतात: आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, न फाटलेले बूट. मग दहा-बारा वर्षे पाय साथ देतात. निर्वासिताच्या कागदांनाही असेच वय असते. आश्रयाचा अर्ज, त्यावरचा निर्णय, तात्पुरता परवाना, कायमचा परवाना आणि शेवटी नागरिकत्व, या प्रवासालाही बऱ्याच देशांत दहा-बारा वर्षे सहज जातात. दोन्ही वये एकाच माणसात एकाच वेळी वाढत असतात आणि एकमेकांची वाट पाहत नाहीत. परदेशात नव्याने उभ्या राहिलेल्या धावपटूची हकिगत बव्हंशी या दोन वयांचा मेळ बसण्या-न बसण्याची असते. बातम्यांत तिला जिद्दीची कहाणी म्हणतात. जिद्द असतेच, पण ती सगळ्यांकडेच असते. निकाल पुष्कळदा कागद कोणत्या वर्षी हाती आले यावर लागतो.

लोमाँगचा मेळ बसला. तो किमोटाँग गावचा. १९९१ मध्ये, सहा वर्षांचा असताना, रविवारच्या प्रार्थनेच्या जागेवरून बंडखोरांनी त्याला इतर मुलांबरोबर उचलून नेले. वयाने मोठ्या तीन मुलांनी त्याला सोबत घेऊन कुंपणातून बाहेर काढले. चौघे तीन दिवस आणि तीन रात्री चालत-धावत राहिले आणि सरहद्द ओलांडून केनियात पोचले. तिथल्या काकुमा छावणीत त्याची पुढची दहा वर्षे गेली.

काकुमा हा केनियाच्या वायव्येचा, तुर्काना भागातला रखरखीत प्रदेश. छावणी १९९२ मध्ये वसली ती मुख्यतः सुदानच्या यादवीतून एकट्याने चालत आलेल्या मुलांसाठी. दिवसातून एकदा शिजवायचे, असा शिध्याचा हिशेब. मुलांचे वेड फुटबॉलचे; मुले हजारोंनी आणि खेळायला जागा थोडी. तेव्हा मोठ्या मुलांनी एक नियम केला: खेळायचे असेल त्याने आधी छावणीला एक फेरी मारून यायचे. ही फेरी सुमारे ३० किलोमीटरची होती, असे लोमाँगने ‘रनिंग फॉर माय लाइफ’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. गर्दी कमी करण्यासाठी काढलेली ती युक्ती. अर्धपोटी मुले उन्हात ३० किलोमीटर धावत आणि त्यानंतर फुटबॉल खेळत. पुढे प्रशिक्षकांनी त्याच्या फुप्फुसांचे कौतुक केले तेव्हा त्या फुप्फुसांचा पाया एका गर्दी-नियंत्रणाच्या नियमात होता, हे ध्यानात ठेवायला हवे. पण त्यावरून छावणी ही धावपटू घडवणारी शाळा होती असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्याच फेरीत किती मुलांची हाडे कायमची कच्ची राहिली, हे कोणी मोजलेले नाही.

२००० साली सिडनी ऑलिंपिक चालू असताना पाच शिलिंग भरून, मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर त्याने मायकेल जॉन्सनची ४०० मीटरची शर्यत पाहिली. पदक घेताना तो बलदंड माणूस रडत होता, हे त्या मुलाच्या मनात राहिले. त्याच सुमारास अमेरिकेने सुदानच्या या एकट्या मुलांपैकी सुमारे ३,८०० जणांना वसवून घ्यायचे ठरवले होते. लोमाँगचे नाव यादीत लागले आणि २००१ च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्क राज्यातल्या टली नावाच्या लहानशा गावी, एका मध्यमवयीन दांपत्याच्या घरी राहायला गेला. पहिल्या रात्री तो दिवा लावूनच झोपला, कारण भिंतीवरच्या बटणाने दिवा विझतो हे त्याला ठाऊक नव्हते. अंघोळही थंड पाण्याने केली. दुसऱ्या तोटीत गरम पाणी असते हे कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायचे असते हेही. नव्या देशातले जगणे म्हणतात ते प्रथम अशा बटणांपासून आणि तोट्यांपासून सुरू होते. संविधान, राष्ट्रगीत ही फार नंतरची गोष्ट.

अमेरिकी कायद्यात एक बारीकशी सवलत आहे आणि ती या कहाणीत फार मोलाची ठरली. निर्वासिताला कायम वास्तव्याचे कार्ड मिळते तेव्हा त्यावरची तारीख तो देशात पाऊल ठेवल्याच्या दिवसापर्यंत मागे नेली जाते. त्यामुळे नागरिकत्वाच्या अर्जासाठीची पाच वर्षे पहिल्या दिवसापासूनच मोजली जातात. लोमाँग ६ जुलै २००७ रोजी नागरिक झाला. बरोबर एक वर्षाने, ६ जुलै २००८ रोजी, यूजीन इथल्या निवड चाचणीत १,५०० मीटरमध्ये तिसरा येऊन तो अमेरिकेच्या संघात शिरला. आणि ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या उद्घाटन सोहळ्यात संघनायकांनी मतदानाने निवडलेला ध्वजवाहक म्हणून तो पुढे चालला. कागद तेरा महिने आधीचा होता. आणखी दीड वर्ष उशीर झाला असता तर टलीच्या शाळेचा आणि नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचा हाच मुलगा, याच पायांनिशी, ते संचलन टीव्हीवर पाहत बसला असता.

बीजिंगमध्ये तो उपांत्य फेरीतच बाद झाला, आणि तो खरा लांब पल्ल्याचा धावपटू त्यानंतरच झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत दहावा. २०१९ मध्ये, चौतिशीत, एकाच राष्ट्रीय स्पर्धेत ५,००० आणि १०,००० दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत १०,००० मीटर २७ मिनिटे ४.७२ सेकंदांत धावून तो सातवा आला. चौतिशी ही अर्थात १ जानेवारीच्या हिशेबाने. गावाकडे आईवडिलांनी त्याला केव्हाच मेला समजून त्याच्या नावाने दगडांची समाधी रचली होती. अनेक वर्षांनी परतला तेव्हा त्याने ती स्वतः पाहिली. अशा माणसाचे वय नक्की कोणत्या दिवसापासून धरायचे, हा प्रश्न निदान विचारण्यासारखा आहे.

मराठीत पळणे आणि धावणे असे दोन शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात ते एकमेकांच्या जागी चालतात, पण पुरते समानार्थी नाहीत. माणूस पळून जातो आणि धावून येतो. भित्रा तो पळपुटा. मदतीला येतो तो धावतो. ग्वोर मारियालच्या बाबतीत हा भेद अगदी शब्दशः खरा ठरला. १९८४ मध्ये दक्षिण सुदानच्या युनिटी भागात जन्मलेल्या मारियालच्या दहा भावंडांपैकी आठ युद्धकाळात गेली. एकूण २८ आप्त त्याने गमावले. लहानपणी त्याला पळवून नेऊन राबवून घेतले, तो निसटला. पुढे सैनिकाच्या मारहाणीत त्याचा जबडा मोडला. १९९९ मध्ये नातलगांबरोबर तो इजिप्तला पोचला आणि २००१ मध्ये अमेरिकेत, न्यू हॅम्पशर राज्यातल्या काँकर्ड गावी. तिथल्या शाळेत त्याला धावायला सांगितले तेव्हा त्याला ते नकोसे झाले. धावणे म्हणजे कोणीतरी मागे लागलेले असणे, एवढाच त्या क्रियेचा अर्थ त्याला ठाऊक होता. मागे कोणी नसताना, ठरलेल्या रेषेपासून ठरलेल्या रेषेपर्यंत, तेही हौसेने, ही कल्पना त्याला नव्याने शिकावी लागली. त्याच्यासारख्या मुलाला दम शिकवावा लागत नाही. शिकवावे लागते ते वेग आवरणे, कारण जीव वाचवायला पळणारा सुरुवातीलाच सगळे खर्चून टाकतो आणि मॅरेथॉन हा शिल्लक ठेवण्याचा खेळ आहे.

आयोवा स्टेट विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून तो ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला आला. हे गाव सुमारे २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंच. विरळ हवेत सराव करायला लांबलांबचे धावपटू इथे येतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासगृहात नोकरी आणि उरलेल्या वेळात सराव, असा त्याचा दिनक्रम. ऑक्टोबर २०११ मध्ये मिनेसोटातली ट्विन सिटीज मॅरेथॉन तो २ तास १४ मिनिटे ३२ सेकंदांत धावला. ती त्याची पहिलीच मॅरेथॉन. ऑलिंपिकची पात्रता-वेळ २ तास १५ मिनिटे होती. पायांचे काम झाले.

कागदांचे झाले नव्हते, आणि ते कसे अडले हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑलिंपिक सनदेनुसार खेळाडू ज्या देशाच्या ऑलिंपिक समितीतर्फे उतरतो त्या देशाचा तो नागरिक असावा लागतो. मारियाल अमेरिकेचा कायम रहिवासी होता, नागरिक नव्हता. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला होता, पण देश असणे आणि देशाला ऑलिंपिक समिती असणे या वेगळ्या गोष्टी. समितीच्या मान्यतेसाठी किमान पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटना आंतरराष्ट्रीय महासंघांशी जोडलेल्या असाव्या लागतात. वर्षभराच्या त्या देशात रस्तेही धड नव्हते. उरला सुदान. सुदानने त्याला आपल्याकडून धावायला बोलावले. त्याने नकार दिला. ज्या राजवटीशी लढताना आपली माणसे गेली तिचा ध्वज छातीवर लावणे त्याला शक्य नव्हते.

लंडनचे उद्घाटन आठवड्यावर आले असताना, २१ जुलै २०१२ रोजी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला स्वतंत्र खेळाडू म्हणून, पाच वर्तुळांच्या ध्वजाखाली धावण्याची मुभा दिली. हा ध्वज भारतीयांनाही अपरिचित नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेवर निलंबन असल्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात शिवा केशवन आणि त्याचे दोन सहकारी याच ध्वजामागे चालले होते. काही दिवसांतच निलंबन उठले आणि तिरंगा परत आला. तेवढ्या दिवसांची चुटपुट ज्यांना आठवते त्यांना मारियालच्या स्थितीची थोडी कल्पना येईल. थोडीच, कारण केशवनच्या खिशात पासपोर्ट होता.

१२ ऑगस्टला मारियाल लंडनच्या रस्त्यांवर धावला आणि २ तास १९ मिनिटे ३२ सेकंदांत ४७ वा आला. गावात वीज नव्हती, म्हणून त्याचे आईवडील टीव्ही असलेल्या गावापर्यंत तीसएक मैल चालत गेल्याचे त्या वेळी सांगितले गेले. वीसएक वर्षे त्यांनी मुलाला पाहिले नव्हते. मॅरेथॉन २६ मैलांची असते. त्या दिवसातली लांब वाट आईवडिलांच्या वाट्याला आली. दक्षिण सुदानच्या समितीला मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०१५ मध्ये. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मारियालने आपल्या देशाचा ध्वज हाती घेऊन संचलन केले आणि मॅरेथॉनमध्ये तो ८२ वा आला. तोपर्यंत तो ३२ वर्षांचा होता. वेळ २०१२ पेक्षा तीन मिनिटांनी जास्त. ध्वज आला तेव्हा पाय उतरणीला लागले होते. पुढे त्याने घराण्याचे जुने नाव पुन्हा लावले, ग्वोर मेकर झाला, आणि अमेरिकेच्या हवाई दलात दाखल झाला.

इथे मिल्खासिंग यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. त्यांचा पल्ला ४०० मीटरचा, पण भारतीय सैन्यात त्यांची निवड झाली ती लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्री शर्यतीतून. तेही निर्वासितच. फाळणीत आईवडील डोळ्यांदेखत गमावून दिल्लीच्या छावण्यांत आलेले, सैन्यभरतीत तीनदा नाकारले जाऊन चौथ्यांदा घेतलेले. त्यांच्याही जन्मतारखेच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. तरी १९४७ मध्ये उघड्यावर आलेला मुलगा १९५६ मध्ये मेलबर्नला भारताकडून धावला, त्याला कोणी नागरिकत्व विचारले नाही. ते ज्या देशात आले तो कायद्याने त्यांचाच होता. बाकीची हालअपेष्टा तीच, भूक तीच, रेल्वे स्थानकावरच्या रात्रीही तशाच. एक कागद तेवढा आधीच भरलेला होता.

मारियालसारखा पेच दर चार वर्षांनी नव्याने सोडवत बसण्यापेक्षा एक कायमची वाट करावी, असे ऑलिंपिक समितीला २०१५ पर्यंत वाटू लागले. भूमध्य समुद्रातून युरोपात येणाऱ्यांच्या लोंढ्यामुळे तो विषय रोज पहिल्या पानावर होता. रिओसाठी ४३ उमेदवारांतून १० जणांचा निर्वासित संघ निवडला गेला. त्यातले पाच दक्षिण सुदानचे धावपटू, काकुमातून आलेले. मूळ कल्पना समितीची, पण या पाच जणांना शोधून तयार करण्याचे श्रेय केनियाच्या टेगला लोरूपे यांचे. १९९४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी ही पहिली आफ्रिकी महिला; १९९९ मध्ये बर्लिनला २ तास २० मिनिटे ४३ सेकंदांचा जागतिक विक्रम तिच्या नावावर लागला. नैरोबीजवळच्या न्गाँग इथे तिच्या संस्थेने निवडक मुलांसाठी सराव शिबिर चालवले. संघाची ध्वजवाहक रोझ लोकोन्येन छावणीतल्या शाळेत शिक्षकांनी सुचवले म्हणून १० किलोमीटर धावली होती. सराव काही नव्हता, दुसरी आली.

रिओच्या संघातला मॅरेथॉनपटू मात्र काकुमाचा नव्हता. इथिओपियाचा योनास किन्डे २०१२ पासून लक्झेंबर्गमध्ये राहत होता. टॅक्सी चालवायचा, फ्रेंचच्या वर्गाला जायचा आणि मधल्या वेळात धावायचा. २०१५ मध्ये फ्रँकफर्टला त्याने २ तास १७ मिनिटांची वेळ दिली, तरी त्याला उतरवणारा देश नव्हता. निर्वासित संघामुळे तो रिओत धावला आणि ३६ व्या वर्षी ९० वा आला. बत्तिशीत देश सोडणाऱ्याच्या बाबतीत गणित फार सरळ असते. पाय आणि कागद एकाच वेळी सुरू झाले तर पाय आधी थकतात.

उलट लहानपणी आलेल्याचे कागद पायांआधी पिकतात. याचा पडताळा ८ ऑगस्ट २०२१ रोजी जपानच्या सप्पोरो शहरात एकाच शर्यतीत मिळाला. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हामुळे उत्तरेला नेली होती. केनियाचा एलिउड किपचोगे केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी नेदरलँड्सचा अब्दी नागेये, बेल्जियमचा बशीर अब्दी आणि केनियाचा लॉरेन्स चेरोनो एकत्र धावत होते. शेवटच्या टप्प्यात नागेये वेग वाढवता वाढवता मागे वळून पाहू लागला. वळायचा, हाताने ‘चल, ये’ अशी खूण करायचा, पुढे बघायचा, पुन्हा वळायचा. रौप्यपदक समोर असताना मागच्या माणसाला बोलावणारा धावपटू सहसा दिसत नाही. अब्दीने दात आवळून चेरोनोला मागे टाकले. नागेये २:०९:५८, अब्दी २:१०:००, चेरोनो २:१०:०२. दोघेही मूळ सोमालियाचे, यादवीतून लहानपणीच युरोपात आलेले, सरावातले सोबती. अब्दीचे सारे तारुण्य गेंट शहरात गेले. त्यांच्या छातीवर कोणता देश, हा प्रश्न ते बहरात येईपर्यंत मिटून गेला होता. त्यामुळे शर्यतीच्या शेवटी त्यांच्याकडे एकमेकांसाठी सवड होती.

त्याच शर्यतीत सोळावा आला तो ताखलोविनी गेब्रियेसोस. एरिट्रियाचा हा मुलगा बाराव्या वर्षी घर सोडून, इथिओपिया, सुदान आणि सिनाईचे वाळवंट ओलांडून इस्रायलला पोचला. तिथेच शिकला, तिथेच धावायला लागला. मार्च २०२१ मध्ये हुला खोऱ्यातली मॅरेथॉन तो २ तास १० मिनिटे ५५ सेकंदांत धावला. पात्रता-वेळ २:११:३० होती. निर्वासित संघातल्या खेळाडूने ऑलिंपिकची पात्रता-वेळ स्वतःच्या पायांनी गाठण्याची ती पहिली खेप. तोही मूलच होता आला तेव्हा, पण ज्या देशात आला तिथे त्याच्यासारख्यांना नागरिकत्वाची वाट जवळपास बंद आहे. म्हणजे येण्याचे वय एकटे पुरत नाही. कोणत्या दारातून आलो तेही मोजले जाते. सप्पोरोच्या रस्त्यावर एकाच वेळी, चारएक मिनिटांच्या अंतरात, मिटलेला प्रश्न आणि न मिटलेला प्रश्न दोन्ही धावत होते.

डॉमिनिक लोबालू या दोन्हींच्या मधला आहे. जन्म १९९८, दक्षिण सुदान. आईवडील लढाईत गेले, पोर वयात तो केनियात आला, पुढे न्गाँगच्या शिबिरात धावू लागला आणि २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत निर्वासित संघाकडून १,५०० मीटर धावला. २०१९ मध्ये संघ जिनिव्हाला एका शर्यतीसाठी गेला होता. लोबालूने शर्यत जिंकली. बक्षिसाच्या पैशावरून त्याचे बिनसले, आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो एका सहकाऱ्याबरोबर हॉटेलातून बाहेर पडला तो परत गेलाच नाही. विमान केनियाला गेले, हे दोघे स्वित्झर्लंडमध्ये राहिले आणि त्यांनी आश्रय मागितला. वय वीस. भाषा येत नाही, ओळख नाही. आश्रयार्थींच्या निवासात फिरत फिरत तो पूर्वेकडच्या सेंट गॅलन भागात आला आणि तिथल्या एल. सी. ब्रूल क्लबचे प्रशिक्षक मार्कुस हागमान यांच्या हाती लागला. असे क्लब ही युरोपातली मोठी सोय आहे: संध्याकाळी मैदानावर जायचे, वर्गणीदारांबरोबर धावायचे, कोणी कागद विचारत नाही.

कागद विचारले जातात ते वरच्या पायरीवर, आणि तिथला विचित्रपणा लोबालूच्या एका उन्हाळ्यात पुरता दिसतो. ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोमच्या डायमंड लीग स्पर्धेत ३,००० मीटर ७ मिनिटे २९.४८ सेकंदांत धावून तो पहिला आला. त्या घडीला त्या वर्षातली ती जगातली सर्वांत चांगली वेळ होती. डायमंड लीगमध्ये आयोजक धावपटूला बोलावतात. देश लागत नाही, पाय लागतात. दोन आठवड्यांनी अमेरिकेत जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिथे देश लागतो. निर्वासित संघ त्याने सोडला होता, स्वित्झर्लंडचा तो झालेला नव्हता. जगातल्या वेगवान धावपटूंत मोजला जाणारा हा माणूस त्या दिवसांत सेंट गॅलनमध्येच होता.

स्विस कायदा दहा वर्षांचे वास्तव्य मागतो, वर कायमचा परवाना. तात्पुरत्या प्रवेशावर काढलेली वर्षे निम्मीच धरतात. भाषा यावी लागते, स्थानिक पातळीवर, गावाच्या आणि प्रांताच्या कसोटीलाही उतरावे लागते. हा कायदा धावपटूंसाठी केलेला नाही आणि त्यांच्यासाठी वाकवावा असेही कोणी सहसा म्हणत नाही. शेजारच्या गाड्यावर काम करणाऱ्या निर्वासितालाही तीच दहा वर्षे लागतात, फक्त त्याचे नुकसान घड्याळावर दिसत नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे नियम त्यामानाने थोडे सैल आहेत. तिच्या राष्ट्रीयत्व-विषयक समितीने २०२४ मध्ये लोबालूला पासपोर्ट नसतानाही स्वित्झर्लंडतर्फे धावण्याची परवानगी दिली. जूनमध्ये रोमच्या युरोपीय स्पर्धेत तो लाल स्विस पोशाखात उतरला. ५,००० मीटरमध्ये कांस्य. चार दिवसांनी १०,००० मीटरमध्ये, शेवटच्या सरळ पट्ट्यावर, फ्रान्सच्या यान श्रुबला मागे सारून सुवर्ण: २८:००.३२ विरुद्ध २८:००.४८. पंचवीस फेऱ्यांनंतर सोळा शतांश सेकंदांचा फरक.

ऑगस्टमध्ये पॅरिस. ऑलिंपिक समितीला नागरिकत्वच हवे असते, त्यामुळे रोमचा स्विस विजेता इथे स्विस नव्हता. निर्वासित संघाच्या ३७ जणांत त्याचे नाव घातले गेले. लाल पोशाख घरी राहिला. संघाची बॉक्सर सिंडी न्गाम्बा हिने आठवडाभर आधी कांस्यपदक पक्के करून निर्वासित संघाचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले होते. १० ऑगस्टच्या रात्री ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन शेवटच्या फेरीत सुटला, त्याच्यामागे केनियाचा रोनाल्ड क्वेमोई, मग अमेरिकेचा ग्रँट फिशर, १३:१५.१३. लोबालू १३:१५.२७. चौदा शतांश सेकंद. त्या वेगाने मोजले तर साधारण एक मीटर, जेमतेम अर्धी ढांग. दोन महिन्यांपूर्वी जवळपास तेवढ्याच फरकाने तो जिंकला होता.

पुढचे ऑलिंपिक २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला आहे. तेव्हा लोबालू तिशीला टेकलेला असेल. स्वित्झर्लंडमधली त्याची दहा वर्षे २०२९ पूर्वी भरत नाहीत.